एक्स आणि डी

रात्रीचे पावणेदोन. वाल्दिव्हियाच्या नदीवरून धुकं चढत
प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्याला लागलंय.
खाली मासळीबाजाराच्या धक्क्यावर
एक समुद्रसिंह ढेकर दिल्यासारखा ओरडतो, मग गप्प.

सकाळी सातला बोट सुटते, तोवर आकडा हवा.
एलिआना वेन्चुन्यीर टेबलाशी येते.
अकरा दिवस सर्व्हरवर तिचं सत्र चालू आहे:
तळाशी सोडलेल्या कानाने जे टिपलं
त्यातून निळ्या देवमाशांच्या हाका मोजणं.
संध्याकाळी ती ते तसंच सोडून गेली,
मंद आचेवर घेवडा ठेवून शेजारी जावं तसं.

निदान तिला वाटलं, सोडून गेली.
खिडकीत सगळं पुसलेलं, आणि वर
तिचंच नाव, तिच्याच सर्व्हरचं नाव,
खाली एक शब्द. पासवर्ड.

कसला पासवर्ड?
सर्व्हरमध्ये शिरताना तर कुणी अडवत नाही,
तिथे किल्लीची फाईल चालते, लांबलचक,
जी तिने कधी वाचलीसुद्धा नाही.

ती मेलचा घालते. बँकेचा घालते.
लहानपणच्या कुत्रीचं नाव, पुढे साल.
मावशीच्या घरचा वायफाय. माणूस काय काय करतं.
दर वेळी तेच उत्तर, आवाज न चढवता.

शेवटी निएब्लाला फोन. नेमेसिओ निवृत्त झालाय,
पण झोप अजून झालेली नाही,
रेडिओ उघडून बसलाय, तोंडात स्क्रू.

"तुझ्या खात्याला पासवर्डच नाही," तो म्हणतो,
"मीच ठेवला नव्हता. नसलेला शब्द
तू आठवणार कुठून?"
"मग हे मागतंय का?"
"तू कुलूप लावलंस म्हणून. सोडायला डी.
तू एक्स दाबलास."
"मी डी दाबला."
तो काही बोलत नाही. स्क्रू बशीत पडल्याचा आवाज.
"...कदाचित एक्स," ती म्हणते.

"त्या दाराशी भांडू नकोस. दुसरी खिडकी उघड,
किल्लीने आत जा, तिकडून सत्र सोडव
आणि तिथेच जोडून घे."

एक ओळ. एंटर.
आणि समोर आकडे, सरसर वर सरकणारे,
एक क्षणही न थांबलेले;
तिने बाहेर डोकं आपटलं ते
आत कुणाला कळलंच नव्हतं.
जुन्या खिडकीत आता कुणी काही विचारत नाही.

ती एक्सवर चिकटपट्टीचा तुकडा लावते.
तो वाकडा बसतो. राहू दे.

"किती झाले?" फोन अजून चालूच आहे.
"चार हजार तीनशे अठरा."
"मासे?"
"हाका. मासे किती ते नाही कळत."
नेमेसिओ हसतो, मग खोकतो.
"एकच असेल गं," म्हणतो,
"तोच तोच शब्द घालून बघतोय."