परतीचा पत्ता

रबाळ्याला, पावडर कोटिंगवाल्याच्या वरचा गाळा.
टेबलावर चिप. नखाएवढी.
बत्तीस केबी जागा, त्यात हातपाय हलवायला दोन.
एवढ्यात वाशीच्या धारण तलावाचं दार सांभाळायचं:
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं.

दीपश्री मढवी लिस्पमध्ये लिहिते.
मी सी-वाला,
पंचवीस वर्षं अर्धविरामावर पोट भरलेलं.
म्हटलं, बाई, एवढे कंस, कृष्ण कुठाय?
ती हसली नाही.
"शेवटच्या ओळीत बघा सर, सात एकदम पडतात."

मग यादी म्हणजे काय ते सांगितलं,
आई घणसोलीच्या बाजारात बसते, तिथलंच:
वरची मांदेली उचलायची, उरली ती पाटी.
पुन्हा वरची, पुन्हा उरली ती पाटी.
शेवटी पाटी रिकामी.
आणि रिकामी पाटीसुद्धा पाटीच, सर.

तिच्या कंसांचं सी करणारं यंत्र तिनंच लिहिलं.
त्यातून आलेलं सी मी वाचायला बसलो:
टी सतरा, टी अठरा, टी एकशे चार.
माझीच भाषा,
पण तीत कुणी राहत नव्हतं.
कंपायलरनं चाळीस वेळा कुरकुर केली
आणि घेतलं पोटात.

पहिल्या रात्री तलावावर
चिप बावीस मिनिटांत गेली.
फंक्शन स्वतःलाच हाक मारत होतं
आणि दर हाकेला परतीचा पत्ता लिहून ठेवत होतं,
पत्त्यावर पत्ता, पत्त्यावर पत्ता,
दोन केबीत किती मावणार.
खाडी आत आली.
पंपघरातले हसूराम तांडेल
शिव्या देत हातानं चाक फिरवत होते.

"परत येऊन काही करायचंच नाही,"
चिखलात उभी दीपश्री म्हणाली,
"तर पत्ता ठेवायचा कशाला?"
सकाळी तिच्या यंत्रानं शेवटच्या हाकेच्या जागी
गोटू लिहिला.
गोटू!
जो लिहिला म्हणून मी पोरांना
चहाला न्यायचं बंद केलंय.
बरोबर होता.

आता चिप आठवडाभर जागी आहे,
कुठून निघालो ते तिला ठाऊक नाही.
मला आहे. वागळे इस्टेट, दुसरा मजला,
बंद पडलेली कंपनी, तिथल्या कुलपाचा नंबरसुद्धा.
कशाला ठेवलाय, विचारू नका.

हसूराममामांनी काल डबा हातात घेतला.
"यान काय भरलंस गो?"
"काय नाय मामा. मांदेली न् पाटी."
त्यांनी डबा नाकाशी धरला.