बोटाच्या एका पेराएवढं

नुसरतआपा निजामाबादला निघाल्या लेकीच्या बाळंतपणाला
तेव्हा त्यांच्या अकरा कुंड्या आमच्या गॅलरीत आल्या.
कुंड्या म्हणजे चारच खऱ्या.
बाकी डालड्याचे डबे, रंगाची एक बादली,
आणि कान तुटलेला कुकर, त्यात सब्जा.
सोबत फेब्रुवारीच्या पाठीवर लिहिलेला कागद:
पानी रोज नक्को. पहले उंगली, फिर पानी.

मी तो फ्रिजवर चिकटवला आणि वाचला नाही.

जालन्यात आमच्या गल्लीला नळ नवव्या दिवशी.
तांदळाचं धुवण, भांड्यांची शेवटची विसळ,
सगळं बाजूला काढून मी रोज घालत राहिले.
लोकांची झाडं, आपल्या दारात तहानेनं मेली
असं नको व्हायला.
पंधरा दिवसांत मनीप्लांट हळदीसारखा पिवळा.
सर्पपर्णी बुडाशी मऊ, पिकलेल्या केळ्यासारखी.
पानांनी मान टाकली म्हणून मी अजून पाणी घातलं.
त्यांनी अजून टाकली.

दादा खुर्चीतून बघत होते.

चौतीस वर्षं नगरपालिकेत व्हॉल्व्हमन.
खांद्यावर ती लांब लोखंडी चावी,
मागे मागे फिरणारी माणसं: साहेब, आधी आमची लाइन सोडा.
अर्ध्या गावाचं पाणी यांच्या मनगटात होतं.
आता सोमवार-गुरुवार मशीन,
आणि दिवसाला सातशे मिली,
चहा धरून, वरण धरून, गोळीसोबतचा घोट धरून.
सकाळीच मी बाटली मोजून त्यांच्या हाताशी ठेवते.

"तहानलेलं आन् बुडालेलं, दोन्ही सारखंच मान टाकतंय,"
दादा म्हणाले. "वरून कळत नाय. बोट घाल आत."

मग त्यांनीच घातलं. पहिल्या पेरापर्यंत. दुसऱ्या पेरापर्यंत.
बाहेर काढून अंगठ्यावर घासलं, वासही घेतला.
"चिखलंय नुसता. हातोडा आण."
डालड्याच्या डब्यांना खाली भोकच नव्हतं.
खिळा ठोकला तसं काळं, आंबूस पाणी
फरशीवर पसरत माझ्या पायापर्यंत आलं.
"घालायचं कुणीबी घालतं," ते म्हणाले,
"जायला वाट ठेवली का, ते बघत नाय कुणी."
आणि मग बराच वेळ खिळाच बघत बसले.

तेव्हापासून कुंड्या त्यांच्या.
कूलरच्या झोतातून उचलून उत्तरेच्या खिडकीत.
दर रविवारी पाव फेरा, व्हॉल्व्ह फिरवावा तसा, जपून,
म्हणजे एकाच अंगाला वाकत नाहीत.
एमआयडीसीकडून येणारी काळी धूळ
रबरप्लांटच्या पानांवर बसते,
ती जुन्या बनियनच्या ओल्या चिंधीनं, पान तळहातावर धरून.
कोरफडीला महिन्यातून दोनदा, तेही उपकार केल्यासारखं.
सर्पपर्णीचं सडलेलं कापलं, उरलेलं दोन दिवस सुकवलं
आणि कोरड्या मातीत पुन्हा उभं केलं.
वाचेल का, विचारलं तर म्हणाले, मला काय माहीत.

रात्री त्यांच्या घोट्यावर मी बोट दाबते.
दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलंय.
खळगा पडतो. तो भरून यायला
किती आकडे लागतात, ते मोजायचं.
त्या रात्री मी बारापर्यंत गेले.
दादांनी डोळे न उघडता विचारलं,
"ओलंय?"
"आहे थोडं."
"मग उद्या पाचशेच भर."

आपांचा फोन आला. नात झाली, पावणेतीन किलो.
लगेच पुढचं वाक्य: "सब्जा कैसा है?"
सब्जा बरा होता. दोन झाडं गेली, तेही सांगितलं.
पलीकडे थोडी शांतता, मग बाळाचं रडणं,
मग त्या म्हणाल्या, ईद के बाद आऊँगी, रहने दो उधर ही.

पहाटे साडेतीनला नळ आला.
मी ड्रमला पाइप लावत होते, दादा अंधारातच जागे,
पाइपातल्या हवेचा खोकला ऐकत.
"टाकी अर्धीच भरलेली दिसतीय," म्हणाले.
"पाऊण तास चालंल. पिण्याचं आधी घे."
त्यांच्या उशाशी कालच्या बाटलीत
अजून चार बोटं पाणी होतं.