दोन सेकंद

चावी फिरवली की इंजिन लागायच्या आधी
मागे, टाकीत, दोन सेकंद एक गुणगुण होते.
पंप पेट्रोल ढकलतो, दाब भरतो, गप्प होतो.
बहुतेक गाडीवाल्यांनी ती जन्मात ऐकलेली नसते.
मी ऐकायचो. शेजारी डेंटिंगवाला पत्रा ठोकत असला तरी.

शिधयेकाकांची एस्टीम आली ती टोचन करून.
जुन्या कात्रज घाटात आधी उचक्या, मग दम संपला.
अर्धा तास बोनेट उघडं ठेवून बसले, चालू झाली,
बोगद्याच्या तोंडाशी पुन्हा मेली.
"गरम झाली की रुसते," म्हणाले.
"गाड्या रुसत नाहीत काका. उपाशी राहतात."

पेट्रोलचं झाकण काढलं, भोकाला कान लावला.
"फिरवा चावी."
काही नाही.
"परत."
नुसता वास, डोळ्यांत पाणी आणणारा.

पंप मीच बसवलेला, तीन वर्षांपूर्वी. एवढ्यात मरायचा नाही.
म्हणजे करंट येत नाही.
फ्यूज धड. रिले हॉर्नचा काढून लावून पाहिला.
मागची सीट उचलली, खाली सापडलं
एक रुपयाचं नाणं, गोळीचा कागद,
पीएमटीचं तिकीट, गाडी असताना कशाला काढलेलं कोण जाणे.
चावी फिरवली की टेस्टरचा दिवा प्रत्येक सांध्यावर पेटायचा
आणि मी त्याला खोटं ठरवायचो.
सकाळ गेली अशी.

विशाखा, औंधच्या आयटीआयची, सहा महिने झाले येते,
डबा खाता खाता म्हणाली,
"उस्ताद, पंप चालतोय की.
सकाळपासून चालतोय. नुसता रडतोय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती भाकरीकडे.
उठलो, नळीला गेज लावलं.
काटा निम्म्यापर्यंत चढला, थरथरला, खाली बसला.

टाकी उतरवायची तर आधी रिकामी करायची.
पाच लिटरचा कॅन घेतला. निघालं जेमतेम दीड.
"कायम एवढंच असतं?"
"लागेल तसं भरतो. शंभरचं. फार तर दोनशेचं."
पर्वतीच्या जलकेंद्रात अडतीस वर्षं पंपांवर काढलेला माणूस,
त्याला मी सांगायचं, कोरडा चालवला की पंप जळतो?
सांगितलं. "पेट्रोलच याला गार ठेवतं काका, बुडून असावा लागतो."
ते टाकीकडे बघत राहिले.
"पाण्याचं माहीत होतं," म्हणाले.

बॅटरीची तार सोडली, डेंटिंगवाल्याला विडी विझवायला लावली.
जॅकवर फळी, फळीवर टाकी,
विशाखा इंच इंच खाली सोडत होती, मी पट्ट्या धरून.
पंपाची जाळी डांबरासारखी.

नाना पेठेत तीन भाव निघाले:
ओरिजिनल, ओरिजिनलसारखा,
आणि "चाचा, फक्त तुमच्यासाठी".
पहिला आणला. रबरी रिंगही नवी.
जुनी रिंग परत घालणारे आहेत, त्यांच्या गल्ल्या मला माहीत आहेत.

टाकी चढवली, नळ्या कसल्या,
काकांना पाच लिटर आणायला पाठवलं, कुरकुरत गेले.
"फिरव."
या वेळी कान लावला नाही. पत्र्यावर तळहात टेकवला.
आली. बारीक, सलग, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी,
दोन सेकंद, आणि थांबली.
"ऐकलंत?" विशाखानं विचारलं.
"हो," म्हटलं.
घरी टीव्हीवरून रोज भांडण होतं.
शमीम म्हणते, तुमच्यामुळे सगळ्या गल्लीला बातम्या फुकट.

काका नोटा मोजताना हळू आवाजात काहीतरी बोलले.
मी हसलो, मान हलवली, पैसे खिशात टाकले.
गाडी धनकवडीच्या उताराला लागल्यावर
विशाखा हात पुसत जवळ आली, जरा मोठ्यानं म्हणाली,
"उस्ताद, तीनशे कमी का केलेत?"