केकताड

चंदनझिऱ्याच्या वजनकाट्यावर मथुरा खंदारे बसते.
भरल्या ट्रकातून रिकामा ट्रक वजा करते,
सळईचं निव्वळ वजन पावतीवर उतरवते.
काट्याला लागून माझं पंक्चरचं दुकान,
आणि दुकानात, कॉम्प्रेसरच्या वर,
तिचा डार्टचा बोर्ड.

कशाचा असतो, ते तिनंच सांगितलं.
केकताडाचा, इस्माईलभाई. बुकात घायपात म्हणतात.
बांधावर उगतं ते. माझा बाप कुजवायचा, बडवायचा,
पोळ्याआधी सोल, कासरे, मोरक्या वळायचा,
आणि पैशाऐवजी ज्वारी घेऊन घरी यायचा.
त्याच धाग्याच्या जुड्या कुठंतरी उभ्या दाबतात
अन् वर वीस आकडे छापतात.
म्हणून भोक राहत नाही.
बाण उपसला की धागा धाग्याला भेटतो.

मी तीस वर्षं भोकं बुजवतोय.
घास, सोल्युशन लाव, ठिगळ दाब,
तरी पाण्यात धरलं की एखादा बुडबुडा.
मी बोर्डावरून बोट फिरवून बघितलं.
खरंच नव्हतं.

सात फूट सव्वानऊ इंच. रेघ मी ऑइलपेंटनं मारली.
पाचशे एकवरून खाली खाली यायचं,
शेवटचा बाण बाहेरच्या बारीक पट्टीत, दुपटीतच,
तेव्हा कुठं शून्य.
ड्रायव्हर म्हणायचे, जत्रेतले फुगे फोड म्हणावं.
ती आकडे पुटपुटायची.
विसाच्या एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला एक,
हाव सुटली की शेजारी टपलेलेच.
त्यापेक्षा बत्तीस उरवावेत.
सोळाची दुप्पट हुकून नुसता सोळा लागला
तरी आठाची आहे, मग चाराची, मग दोनाची.
"गरिबाचा आकडा आहे भाई,
निम्मा निम्मा झाला तरी पुरतो."

जिल्ह्याला चारच बाया आल्या, त्यातली एक पंचाची भाची.
राज्याला कोल्हापुरात लॉजवर तिघींत एक खाट.
देशाला दुसरी आली, म्हणून पात्रता फेरीत नाव,
कोलकात्याला, तीन दिवस, सहा देश,
आणि पुढं जागतिक स्पर्धेला जायला जागा एक.
मुकादमानं रजा दिली, बिनपगारी.

शेवटचा सामना मी फोनवर बघितला,
मांडीवर उघडी ट्यूब.
समोर काठमांडूची एक शांत पोरगी.
मथुराचे बत्तीस राहिले.
सोळा. तारेच्या आत पडला.
सोळा राहिले. आठ. पुन्हा आत.
आठ राहिले. चाराच्या दुपटीवर तिनं किती वेळ बघितलं,
बाण तारेवर वाजला
आणि खाली गालिच्यावर पडला.
त्या पोरीनं पहिल्याच बाणात संपवलं.

परत आली ती थेट काट्यावर.
पर्समध्ये घडी घातलेला कागद: प्रथम राखीव.
म्हणजे तिचा व्हिसा अडला, ताप आला, काही झालं,
तर ही जाणार. वीस दिवसांची मुदत.
मुकादमानं वाचलं आणि हसला,
"तिथंबी राखीवच का?"
मथुरा काही बोलली नाही. पावती टरकन फाडली,
पुढचा ट्रक घे म्हणाली.

आज सोळावा दिवस.
पासपोर्ट करून ठेवलाय, प्लास्टिकच्या पिशवीत,
पावतीपुस्तकाखाली.
फोन काट्याच्या खिडकीत उताणा.
रात्री पाळी सुटायच्या आधी ती येते,
फक्त चाराची दुप्पट मारते.
शटरवर खडूनं मी काही मांडत नाही,
मांडण्यासारखं असतं काय त्यात.

काल मधेच थांबली.
"भाई, दुसऱ्याच्या तापाची वाट बघणं, हे पाप का?"
मी ट्यूब पाण्यात दाबून धरली, उगाच,
पंक्चर कधीच निघालं होतं.
"मिळू दे तिला व्हिसा," म्हणाली, माझ्याकडं न बघता,
आणि पहिला मारला. लागला.
दुसरा मारला.
बाहेर ट्रकनं हॉर्न दिला.
"आले आले," करत निघाली,
तिसरा बाण हातातच.