नाडाशला दीड मिनिट

फेकेतेकूतचे रूळ उखडले त्याला एकतीस वर्षं झाली.
सूर्यफुलं सरळ फलाटावर चढून पलीकडे उतरली,
कुणी तिकीट विचारलं नाही.

पण दर गुरुवारी रात्री आठला
आमची गाडी सुटायची.
अकरा घरांतून, अकरा पडद्यांवर,
अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळी वेळापत्रकाबरहुकूम.
सहा स्टेशनं, दोन हॉल्ट, ओढ्यावरचा एक पूल,
आणि बेचाळीस किलोमीटर
जे आता जगात फक्त आमच्याकडे होते.

गेलेर्ट खऱ्या लाइनीवर सांधेवाला होता.
चाक कुठे टक-टक म्हणतं
आणि कुठे टक-टकाक, हे त्याला तोंडपाठ.
पहिलं वर्ष आम्ही त्याच्या जेवणाच्या टेबलावर
दोन चमचे आपटत तो आवाज जुळवण्यात घालवलं.
त्याची बायको म्हणायची, सूप निवतंय.

ओटिलियाने झाडं लावली. तीन हजार आणि वर काही.
अकेशिया कुठली, पॉप्लर कुठला, कुठल्यावर वीज पडली होती,
सगळं जुन्या फोटोंतून, भिंग लावून.
फाटक क्रमांक सतरापाशी
दोरीवर चादरी वाळत घालणारी बाई, ती तिची आई.
हात वर, तोंडात चिमटा.
गाडी गेली की मान वळवून बघते.
ती मान वळायला ओटिलियाला दोन हिवाळे लागले.

आम्ही कधी कुणाला नेलं नाही, कुणाला आणलं नाही.
तरी नियम तो नियम.
नाडाशला दीड मिनिट म्हणजे दीड मिनिट,
चढणारं कुणी नसलं तरी.
वही माझ्याकडे असायची. उशीर लाल शाईने.
मिहायचं पान नेहमी लाल.
चार मिनिटं. दर आठवड्याला चार.
मी त्याला काय काय बोलले आहे!
तो म्हणायचा, अगं, पुलावर धुकं होतं.
धुकं आम्ही बनवलंच नव्हतं.

तो गेला त्या फेब्रुवारीत
त्याची गाडी आपोआप धावेल अशी सोय केली.
उशिराचं काय करायचं, यावर मतदान झालं.
पहिला हात माझा.
चार मिनिटं ठेवली.

आता अकरातले चौघे उरलो.
ज्या यंत्रावर हे सगळं उभं आहे ते म्हातारं झालं,
आणि बार्नाबाशचा हात त्याच्याहून जास्त थरथरतो.
त्याचा मुलगा म्हणाला, मी सांभाळेन की, बाबा.
भला मुलगा आहे.
फाटक सतरा कुठे, हे त्याला माहीत नाही,
आणि त्याने विचारलंही नाही.

परवा शेवटचा गुरुवार.
बार्नाबाश ओटिलियाला म्हणाला,
आई वेगळी काढून देऊ का? घरी ठेवशील.
ती म्हणाली, नको.
गाडीच नसेल तर ती वळून बघेल कुणाकडे?

एकेक गाडी शेडमध्ये लावली.
गेलेर्टला आता दिसत नाही फारसं,
त्याने ती कानाने आणली, अगदी खुणेवर.
पावणेदहा वाजले. बंद करायची वेळ हीच ठरली होती.
कुणी काही बोललं नाही.
मग बार्नाबाश हळूच म्हणाला,
सेक्शनमध्ये अजून एक गाडी आहे.

ती रिकामी आहे, आपोआप चालते,
मध्येच थांबवली तरी कुणाचं काही अडत नाही,
हे चौघांनाही ठाऊक होतं.
आम्ही थांबलो.
नाडाशचं दीड मिनिट थांबलो, पुलावरचे दिवे मोजले,
चादरीमागून मान वळली.
मी वही उघडली,
आणि हातात लाल पेन होतं ते ठेवून
निळं घेतलं.

आज सकाळी गेलेर्टच्या बायकोचा फोन आला.
म्हणाली, काल त्याने सूप गरम असतानाच संपवलं.
मी म्हटलं, बरं झालं.
मग बराच वेळ
दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.