जुन्या पात्राचा मध्य

श्रूजबरीच्या दफ्तरखान्यात, तळघरात,
मी नकाशे स्कॅन करते.
एका तावाला अकरा मिनिटं.
हातमोजे नाहीत, नुसते धुतलेले हात;
मोज्यांना कागद कळत नाही.

अठराशे एक्क्याऐंशीच्या तावावर
व्हर्नवी नदी एका कुरणाला कवेत घेऊन वळते.
मधोमध ठिपक्यांची रेघ:
अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स.
एकोणीसशे दोनच्या तावावर
नदीने कूस बदललेली.
ठिपके मात्र तिथेच,
कोरड्या गवतातून वळसा घेत,
जणू त्यांना कुणी निरोपच दिला नाही.
बाजूला चार बारीक अक्षरं.
मला वाटलं, मोजणीदाराची आद्याक्षरं असतील.
ग्लिन हसला. अर्थ सांगितला:
जुन्या पात्राचा मध्य.

मंगळवारी मिसेस बेडोज आल्या.
बुटांना चिखल, पिशवीत बुंध्याची एक पाचर.
त्यांचा शिवेवरचा ॲश वादळात आडवा झालेला,
मूळ एका देशात, शेंडा दुसऱ्या,
आणि दोन्ही कौन्सिलं
पत्रापत्रातून एकमेकांकडे बोट दाखवणारी.
"तीन महिने झाले," त्या म्हणाल्या,
"मेंढ्या त्यावरून उडी मारून परदेशी जातात."

मी ताव उलगडला. भिंग दिलं.
त्यांनी कागदाला न टेकवता बोट फिरवलं
नदीच्या जुन्या वाकणावरून,
गाभण मेंढीच्या पोटावरून फिरवावं तसं.
झाड होतं तिथे.
तिळाएवढं, सावलीसकट.
साखळी ओढत आलेल्या कुणीतरी
दोन ठिपक्यांमध्ये त्याला जागा सोडलेली.

"म्हणजे हे दोघांचंही नाही. नदीचं आहे."
"नदी तर गेली."
"हो. पत्ता न ठेवता."

नदीचं मूळ विचारू नये, म्हणतात आमच्यात.
मध्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही.

त्या गेल्या. ताव पुन्हा काचेखाली.
कोपऱ्यात कुणाच्या तरी कपाचं शंभर वर्षांचं वर्तुळ,
मशीनने तळं समजून
त्यात निळा रंग भरलेला.
असलं काही दिसलं तर पुसायचं, असा नियम आहे.

पाचर टेबलावरच राहिली होती.
मी सालीकडून आत कडी मोजत गेले,
नदी निघून गेली ते वर्ष
जरा अरुंद असेल, म्हणून.
एकशे अठरा, एकशे एकोणीस,
आणि वरून फोन वाजला.