अर्थिंग

सातपूरला, आयटीआयच्या सिग्नलपासून आत,
पत्र्याचा गाळा. पाटी नाही.
लोक वासावरून येतात :
वितळलेलं सोल्डर, जळलेलं वाइंडिंग, चहा.

मला गाणारे कळतात ते असे,
काहीतरी मोडकं घेऊन आले की.
चेहरा नंतर.
आधी मी मागचे चार स्क्रू काढतो.

एका अँपच्या पोटात द्राक्षाची वाळकी काडी निघाली,
आणि गंधकाची पिवळी भुकटी.
म्हटलं, पिंपळगावकडचा का रे तू?
पोरगा दचकलाच.
प्रणित मोगल. शेडमध्ये वाजवतात म्हणाला,
बेस दणाणला की रिकामे क्रेट खडखडतात,
तेही ठेवलेत गाण्यात.
वडिलांना वाटतं, पोरं फवारणीचं बघतायत.
त्याच्या स्पीकरचा कागद फाटला होता,
मी निगुतीनं नवा चिकटवून दिला.
आठ दिवसांनी परत हजर :
काका, तो ब्लेडने मुद्दाम फाडला होता,
पहिल्यासारखा फाडून द्या ना.
रॉक म्हणजे काय ते मला एवढंच माहीत आहे.
फाडायचे पैसे घेतले नाहीत.

शलोमी लोंढेच्या माइकची जाळी सारखी गंजते.
ओठ टेकवून गाते ती.
जाळीला वास निलगिरीच्या तेलाचा,
खाली थोडा डेटॉलचा.
शरणपूरची. आजोबा चर्चची घंटा ओढायचे,
ही सिव्हिलला रात्रपाळी ओढते.
म्हणाली, आम्ही गातो त्याला सोल म्हणतात.
मी म्हटलं, मला सोल म्हटलं की चपलेचाच आठवतो.
तेच की काका, ती म्हणाली,
झिजल्याशिवाय बसत नाही पायाला.

आणि एका सोमवारी हिरामण भोये,
सुरगाण्याहून पहिल्या एसटीनं,
टॉवेलात गुंडाळलेली काशाची थाळी घेऊन.
याला माइक लागेल का?
थाळीवर मेणाचा गोळा दाबला, त्यात काडी उभी केली,
बोटं ओली करून वरून खाली ओढली.
समोरच्या प्रेस-शॉपचा लेथ तेवढ्यात थांबला
की मला ऐकू यायचा थांबला, सांगता येत नाही.
बाप मयताच्या रात्री कथा लावायचा याच्यावर,
उजाडेपर्यंत.
आता बापही नाही, कथा अर्धीच येते.
अर्धी तर अर्धी, हिरामण म्हणाला,
पण शेवटच्या माणसाला ऐकू गेली पाहिजे.

गजराच्या घड्याळातली पितळी चकती काढली,
थाळीच्या बुडाला मेणानंच चिकटवली.
दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बोलली.

मार्गशीर्षात शेडमध्ये तिघं एकत्र वाजवणार होते.
मी कधी जात नाही. गेलो.
वायर जोडल्या आणि घुंऽऽऽ सुरू,
थाळीच्या आधीच.
प्रणितनं माझ्याकडे बघितलं.
शेडला अर्थिंगच नव्हतं, नुसता खिळा भिंतीत.
बाहेर वेलीच्या बुंध्याशी सळई ठोकली,
मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी.
घुंऽऽ गेलं.
मागे जे उरलं त्यात हिरामणनं काडी ओढली,
आणि शलोमी शब्दच सुरू करेना,
नुसती श्वास घेत राहिली, तोही ऐकू येत होता
शेवटच्या क्रेटपर्यंत.

नंतर पिठलं-भाकरी खाताना हिरामणनं विचारलं,
काका, तुमच्यात कोण गायचं?
कोणी नाही.
आई सिन्नरला विड्या वळायची.
गायची नाही, मोजायची.
तेवीस, चोवीस, पंचवीस, दोरा.
तेवीस, चोवीस, पंचवीस, दोरा.
मी आधी त्यावर झोपायचो,
असं सांगितलं, आणि भाकरीचा घास
हातातच राहिला.
प्रणित कधीपासून बोटानं ताटावर वाजवत होता :
तीन ठोके, एक रिकामा.

थाळीचे अडीचशे अजून यायचे आहेत.